वजनकाट्यापाशी थांबलेलं मोजमाप

क्षयरोगाचं निदान झालं की सरकारी केंद्रात माणसाला आधी वजनकाट्यावर उभं करतात. ३५ ते ४९ किलोला दिवसाला तीन गोळ्या, ५० ते ६४ किलोला चार. प्रत्येक गोळीत चार औषधं एकत्र असतात: आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५. तक्ता सोपा आहे, आशाताईंना तो तोंडपाठ असतो आणि त्याच्या जोरावर या देशात लाखो जीव वाचले आहेत. माझी तक्रार तक्त्याविषयी नाही. वजन घेतलं की आपलं मोजमाप तिथेच संपतं, याविषयी आहे.

आयसोनियाझिडचा निचरा मुख्यतः यकृतातल्या नॅट-२ नावाच्या एन्झाइममुळे होतो. हे एन्झाइम ज्या जनुकावरून बनतं त्याचे अनेक प्रकार माणसांत आढळतात. आईकडून एक प्रत येते, वडिलांकडून एक. दोन्ही प्रती कमजोर निघाल्या तर काम रेंगाळतं. दोघांनी सकाळी तीच गोळी त्याच वेळी घेतली, तर एकाच्या रक्तातलं आयसोनियाझिड तास-सव्वा तासात निम्म्यावर येतं आणि दुसऱ्याला त्यासाठी तीन तास किंवा त्याहून जास्त लागतात. वजन दोघांचंही ५२ किलो असू शकतं. जपानमध्ये असे संथ लोक दहात एखादा. आपल्या देशातल्या बहुतेक अभ्यासांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास निघतं.

ही माहिती काही आजची नाही. आयसोनियाझिड १९५२ मध्ये वापरात आलं. काही रुग्णांच्या तळव्यांना मुंग्या येतात, आग होते आणि हे बहुतेक औषध सावकाश संपवणारेच रुग्ण असतात, हे दोन-तीन वर्षांतच डॉक्टरांच्या ध्यानात आलं. हा फरक वारशाने येतो, हे १९६० पर्यंत कुटुंबांच्या अभ्यासातून सिद्ध झालं होतं. आणि त्याच काळात मद्रासमध्ये, १९५६ साली सुरू झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्रात, यावर पायाभूत काम चालू होतं. मुंग्या ब-६ जीवनसत्त्वाने टाळता येतात हे त्या केंद्राने दाखवलं. आठवड्यातून एकदाच औषध देऊन पाहिलं, तेव्हा ते झपाट्याने संपवणाऱ्यांना कमी गुण येतो हेही तिथेच दिसलं. म्हणजे या ज्ञानाचा मोठा भाग आपल्याच गरीब रुग्णांनी रक्त आणि लघवीचे नमुने देऊन उभा केला. साठ वर्षांनंतर त्यातून त्यांच्या वाट्याला आली ती ब-६ ची गोळी. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि ते तसं म्हणायलाही हवं.

क्षयाच्या गोळ्यांचा खरा त्रास मुंग्यांचा नाही, यकृताचा आहे. भूक मरते, मळमळ सुरू होते, डोळे पिवळे दिसू लागतात. संथ लोकांत हा धोका अधिक असतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. मग गोळ्या थांबवाव्या लागतात, यकृत सावरल्यावर एकेक औषध परत सुरू करावं लागतं आणि तोवर रुग्णाचा धीर सुटतो. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहणाऱ्याला हे वाक्य हमखास ऐकू येतं: ‘त्या गोळ्या मला गरम पडतात, मी बंद केल्या.’ असं म्हणणाऱ्याला आपण अडाणी ठरवून मोकळे होतो. त्याचं यकृत खरोखरच वेगळं असेल, ही शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही. औषध अर्ध्यावर सोडलं की जंतू कसे निर्ढावतात, हे निराळं सांगायला नको.

जपानमध्ये यावर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. संथ लोकांना आयसोनियाझिडची मात्रा कमी, वेगवानांना जास्त. संथ लोकांतला यकृताचा त्रास या पद्धतीने टळला. चाचणी लहान होती आणि तेवढ्यावर भारतात उद्यापासून सगळ्यांची मात्रा बदला, असं मी म्हणणार नाही. तपासणी चुकली आणि वेगवान माणसाला कमी औषध गेलं, तर त्याचा आजार बळावेल. शिवाय चार औषधांची एकत्र गोळी वापरायची आणि त्यातलं एकच कमी करायचं, हेही सोपं नाही. पण २०२३ च्या अंदाजानुसार जगातले सव्वीस टक्के क्षयरुग्ण ज्या देशात आहेत, जिथे वर्षाला अंदाजे २८ लाख लोकांना हा आजार होतो आणि त्यातले निम्म्याहून जास्त बहुधा संथ असतात, त्या देशाने हा प्रश्न मोठ्या चाचणीने निकालात काढायला हवा. ती जबाबदारी जपानची नाही. औषध सरकार देतं, मात्रा सरकार ठरवतं, रुग्णाला निवड नसते. जिथे निवड नसते तिथे देणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते.

आता त्याच रुग्णाला आधीपासून फिट येत असेल आणि फेनिटॉइन चालू असेल, असं समजा. फेनिटॉइन हे फार नाजूक हिशेबाचं औषध आहे. ते पचवणारी एन्झाइमं एका मर्यादेपर्यंत काम करतात. ती ओलांडली की मात्रेतली थोडीशी वाढसुद्धा रक्तातली पातळी एकदम वर नेते. आयसोनियाझिड नेमकं याच एन्झाइमांना अडवतं. नॅट-२ वेगवान असेल तर आयसोनियाझिड लवकर निघून जातं आणि फारसं बिघडत नाही. ते संथ असेल तर आयसोनियाझिड रेंगाळतं, अडवणूक लांबते आणि फेनिटॉइन साचत जातं. माणूस चालताना झोकांड्या खातो, जीभ जड होते, बुबुळं थरथरतात. दारू प्यायलाय, असं शेजारी म्हणतात. १९७० च्या सुमारास हे दुखणं नीट नोंदलं गेलं आणि ते मुख्यतः संथ रुग्णांतच आढळलं. जनुक एका औषधाचं, दोष दिसतो दुसऱ्या औषधाचा. जनुकांचा विचार आणि औषधांच्या आपसातल्या भांडणाचा विचार वेगवेगळा करताच येत नाही तो यामुळे.

रिफाम्पिसिनची तऱ्हा उलटी आहे. ते यकृतातली बरीच एन्झाइमं वाढवून ठेवतं, त्यामुळे दुसरी औषधं वेळेआधीच संपतात. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि औषध बंद केल्यावर ओसरायलाही तितकाच वेळ लागतो. गावात क्षयाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणारी आशाताई आणि ‘माला-एन’चं पाकीट देणारी आशाताई बहुधा एकच असते. पण त्या दोन नोंदी दोन वेगळ्या वह्यांत होतात. पंचविशीतली बाई रोज नेमाने दोन्ही घेते, रिफाम्पिसिन संततिनियमनाच्या गोळीतले हार्मोन झपाट्याने संपवतं आणि तिला दिवस जातात. दोष तिच्या विसराळूपणाला. मधुमेहाच्या काही गोळ्यांचंही असंच होतं: क्षयाचा उपचार चालू असताना साखर आटोक्यात येत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते आणि सहा महिन्यांनी रिफाम्पिसिन थांबल्यावर तीच वाढलेली मात्रा साखर धोकादायक खाली नेऊ शकते. यात जनुकाची तपासणीसुद्धा लागत नाही. रुग्ण आणखी काय काय घेतो, हे विचारून एका जागी लिहून ठेवायचं, बस्स.

शहरातल्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल, म्हणून अँजिओप्लास्टीनंतर हातात पडणाऱ्या कागदाकडे वळू. त्यावर हमखास असतं: क्लोपिडोग्रेल ७५ मिलिग्रॅम, रोज एक, बंद करू नये. बसवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून ते दिलेलं असतं. पण क्लोपिडोग्रेल पोटात जाताना निष्क्रिय असतं. यकृतातलं सीवायपी-२सी१९ हे एन्झाइम त्याला कामाचं रूप देतं. ज्याच्याकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी आहेत, त्याच्या रक्तात गोळी जाते पण औषध फारसं तयार होत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत असे दोन-तीन टक्के. दक्षिण आशियाई लोकांत दहा टक्क्यांच्या जवळपास. आणि एक तरी प्रत निकामी असलेले निम्म्याच्या घरात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०१० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला. हवाई राज्यात आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या वंशाची वस्ती मोठी आहे. ही गोष्ट कंपन्यांना ठाऊक असून त्यांनी लोकांना सांगितली नाही, म्हणून त्या राज्याने २०१४ मध्ये त्यांच्यावर खटला भरला. २०२१ मध्ये ८३ कोटी ४० लाख डॉलरचा दंड झाला, वरच्या न्यायालयाने तो २०२३ मध्ये रद्द करून खटला परत पाठवला आणि २०२४ मध्ये पुन्हा ९१ कोटी ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला गेला. आपल्याकडे याच औषधावर किती माणसं आहेत, याचा नुसता विचार करून पाहावा.

त्याच कागदावर खाली कधी कधी ओमेप्राझोल असतं, आणि कागदावर नसलं तरी घरात असतंच. पित्त होतं म्हणून सकाळी उपाशीपोटी एक गोळी, हे कित्येक घरांत चहाइतकं नेमाचं झालं आहे. ओमेप्राझोल सीवायपी-२सी१९ ला अडवतं. ज्याचं जनुक चांगलं आहे तोही मग काही प्रमाणात कमजोर जनुकवाल्यासारखा होतो. पित्ताच्याच दुसऱ्या गोळीने, पॅन्टोप्राझोलने, हा अडथळा बराच कमी येतो. काउंटरवरचा माणूस जागरूक असेल तर हे विचारतो, डॉक्टरांना फोन करतो, बदल होतो. पण दुकानात बसलेली व्यक्ती फार्मसिस्टच असेल, याची खात्री आपल्याकडे कुठे आहे? भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर दुसराच, हे चित्र नेहमीचं आहे.

यावर हृदयरोगतज्ज्ञांचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो वजनदार आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जनुक पाहून औषध निवडलेल्या रुग्णांत वर्षभरात हृदयविकाराचे प्रसंग कमी झाले, पण फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. मग सरसकट तपासणी कशाला? माझं म्हणणं असं, की २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही तितकाच मोलाचा आहे. जनुक चांगलं आहे हे पाहून ज्यांना टिकाग्रेलॉरसारख्या जोरकस औषधाऐवजी क्लोपिडोग्रेल दिलं, त्यांच्यात गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव कमी झाला. तपासणीने धोक्यातला माणूस सापडतो, आणि ज्याला महागडं, दिवसातून दोनदा घ्यायचं, धाप लावणारं औषध नको तोही सापडतो. शिवाय या चाचण्यांतले बहुसंख्य रुग्ण युरोपीय वंशाचे असतात. ज्या समाजात कमजोर प्रती कितीतरी जास्त, तिथे फायद्याचा हिशेब तोच राहील, असं गृहीत धरायला आधार नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेखाली सरकार अँजिओप्लास्टीचा खर्च उचलतं. स्टेंटला पैसे द्यायचे आणि तो उघडा ठेवणारं औषध त्या माणसात तयार तरी होतं का, हे पाहायचं नाही, हा हिशेब मला पटत नाही. निदान ज्यांना दुसऱ्यांदा गुठळी झाली, त्यांची तरी तपासणी योजनेत बसवावी.

सध्या जनुकीय तपासणी पोचते ती भलत्याच ठिकाणी. निरोगी, तिशी-चाळिशीतल्या, चांगल्या पगाराच्या माणसाला थुंकीच्या एका नमुन्यावर पन्नास औषधांचा रंगीत अहवाल मिळतो. त्यातलं एकही औषध तो घेत नसतो. पुढे घेईल तेव्हा अहवाल सापडणार नाही आणि सापडला तरी सरकारी किंवा खासगी, कुठलेच डॉक्टर तो उघडून पाहणार नाहीत.

यातून निघणारी एक पळवाट मला सर्वांत घातक वाटते, ती म्हणजे तपासणीऐवजी जात विचारण्याची. तिला थोडा आधार आहे, हे नाकारता येत नाही. शस्त्रक्रियेआधी श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू सैल पडावेत म्हणून सक्सिनिलकोलिन देतात. भूलतज्ज्ञ त्याला स्कोलिन म्हणतात. त्याचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो, कारण रक्तातलं एक एन्झाइम ते फोडून टाकतं. हे एन्झाइम ज्याच्याकडे जवळपास नसतं, त्याचा श्वास तासन्‌तास परत येत नाही आणि तोवर यंत्रावर ठेवावं लागतं. आर्यवैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. तेलंगणा-आंध्रातल्या भूलतज्ज्ञांना हे ठाऊक असतं, आणि नांदेड-लातूरकडेही हा समाज आहे. पिढ्यान्‌पिढ्या लग्नं जातीतच होत आल्याने एखाद्या पूर्वजाचा दोष त्या वर्तुळात फिरत राहतो, एवढाच त्याचा अर्थ. त्यात त्या समाजाचं काही कमीपण नाही. पारशी समाजात जी-६-पीडीची, म्हणजे तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची, कमतरता जास्त दिसते. तिच्या एका प्रकाराला तर कल्याणचंच नाव आहे, कारण तो तिथल्या कोळी कुटुंबात प्रथम सापडला.

भूलतज्ज्ञाने घरात कुणाला भुलीनंतर त्रास झाला होता का, हे जरूर विचारावं. तो प्रश्न कुटुंबाचा आहे. पण आडनाव वाचून मात्रा ठरवायला लागलो तर दोन्हीकडून फसू. त्या समाजातल्या बहुसंख्य लोकांचं एन्झाइम ठणठणीत असतं आणि समाजाबाहेरच्या कमजोर माणसाकडे कुणी पाहणारच नाही. आणि ‘या जातीला हे औषध चालत नाही’ असं एकदा रुग्णालयाच्या वहीत शिरलं की ते तिथेच थांबत नाही; लग्नाच्या बैठकीत पोचतं, विम्याच्या अर्जात पोचतं. अमेरिकेत जनुकीय माहितीवरून नोकरी किंवा आरोग्यविमा नाकारायला २००८ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने जनुकीय माहितीला वेगळं, अधिक कडक संरक्षण दिलेलं नाही. तपासणी वाढवा म्हणताना मी हा कायदाही तितक्याच जोराने मागतो. आधी तपासण्या, कायद्याचं नंतर बघू, हे चालणार नाही.

कोणती जनुकं तपासायची याची परक्यांची यादी उचलूनही भागत नाही, याचं सर्वांत टोचणारं उदाहरण लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आहे. मर्कॅप्टोप्युरिन हे औषध या मुलांना वर्ष-दोन वर्षं रोज द्यावं लागतं. पाश्चात्त्य पुस्तकांनी वर्षानुवर्षं सांगितलं, टीपीएमटी हे जनुक तपासा. त्यातले दोष युरोपीय लोकांत बऱ्यापैकी, भारतीयांत फार थोडे. तपासणी ठीक यायची आणि तरीही काही मुलांच्या पांढऱ्या पेशी कोसळायच्या. २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी न्यूडट-१५ हे दुसरंच जनुक दाखवून दिलं. त्यातला दोष आशियाई लोकांत बराच आढळतो, भारतातही. ज्या मुलाच्या दोन्ही प्रती सदोष आहेत त्याला नेहमीच्या मात्रेचा लहानसा अंशच पुरतो. पूर्ण मात्रा त्याच्या जिवावर बेतू शकते. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला तो इथल्याच माणसांचं रक्त तपासून. आता जीनोम इंडिया प्रकल्पातून ८० हून अधिक समाजगटांतल्या सुमारे १०,००० लोकांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ पासून संशोधकांसाठी खुली झाली आहे. न्यूडट-१५ ची तपासणी मुलांच्या कर्करोगाचा उपचार करणाऱ्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात, पहिल्या मात्रेआधी आणि मोफत व्हावी, यावर वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

आणि गडचिरोली. राज्यातल्या हिवतापाचा सर्वांत मोठा भार या एका जिल्ह्यावर असतो. व्हायवॅक्स प्रकारचा हिवताप यकृतात दडून बसतो आणि पुन्हा उलटतो, म्हणून चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. सीवायपी-२डी६ हे एन्झाइम निकामी असेल तर प्रायमाक्विनचं कामाचं रूप बनत नाही आणि ताप परत येतो. पण त्याहून मोठा धोका जी-६-पीडीच्या कमतरतेचा: त्या माणसाच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटू लागतात. प्रायमाक्विनमुळे असं होण्याचं कारण १९५६ मध्येच सापडलं होतं. मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत ही कमतरता इतरांपेक्षा जास्त आढळते. रुग्णाला काय सांगतात? लघवी काळपट झाली तर गोळी थांबवा आणि दवाखान्यात या. म्हणजे पेशी फुटायला लागल्यावर या. पावसाळ्यात, ओढे भरलेले असताना, भामरागडच्या आतल्या पाड्यावरून.

बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत जी-६-पीडीचं प्रमाण सांगणारी हातात मावणारी यंत्रं आता मिळतात. नुसतं ‘आहे-नाही’ सांगणारी पट्टी पुरत नाही, कारण हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि एकच प्रत सदोष असलेल्या बायका त्या पट्टीतून निसटतात. प्रमाण मोजणारं यंत्रच हवं. परळला केईएमच्या आवारात या कमतरतेवर अनेक वर्षं काम केलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, त्यामुळे प्रशिक्षणाला बाहेरून कुणाला आणायला नको. प्रायमाक्विनचं पाकीट जिथे जिथे ठेवलं जातं, त्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हे यंत्र असावं आणि निकाल रुग्णाच्या कार्डावर कायमचा लिहिला जावा. क्षयाच्या मात्रेसाठी मोठी चाचणी लागेल, क्लोपिडोग्रेलबाबत मतभेद राहतील. यासाठी मात्र कशाचीही वाट पाहायची नाही. पुढच्या पावसाळ्याआधी खरेदीचा आदेश काढायचा आहे.